कला आणि संस्कृतीसाठी स्वयंसेवी संस्थांचं अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दशावतारी मंडळं, भजनी मंडळं, हौशी नाट्यसंस्था, गावातलं लहानसं संग्रहालय चालवणारे, लोककलेच्या नोंदी करणारे अभ्यासक अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कायदे आणि नियम देशभर बहुतांशी सारखेच आहेत, संस्थानोंदणीचे मात्र राज्याराज्यांत वेगळे.

देणगी, प्रायोजकत्व आणि अनुदान यांत फरक काय?

देणगी देणारा पैसे देतो आणि पावती घेतो. त्या पैशांचं नेमकं काय करायचं ते बहुतेक वेळा संस्थेवर सोपवलेलं असतं. प्रायोजक पैसे देतो आणि बदल्यात मंडपावर फलक, निमंत्रणपत्रिकेवर नाव, व्यासपीठावर दोन मिनिटं मागतो. अनुदान यापेक्षा वेगळं आहे. ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीत, लेखी करार करून आणि हिशेब देण्याच्या अटीवर मिळणारे पैसे म्हणजे अनुदान. ते परत करायचं नसतं, पण ज्या कामासाठी मिळालं त्याच कामावर खर्च करायचं असतं.

हा फरक माहीत नसल्यामुळे अनेक अर्ज पहिल्याच चाळणीत गळतात. अनुदान देणाऱ्या संस्थेला ‘आपल्या कंपनीचा फलक लावू’ असं लिहिलेलं पत्र गेलं, की हे मंडळ प्रायोजक शोधतंय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

हे पैसे देतं कोण?

सर्वांत जुनी परंपरा विश्वस्त निधींची. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ सालचा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ सालचा. मुंबईच्या नरिमन पॉइंटला असलेलं एनसीपीए हे संगीत-नाट्याचं केंद्र १९६९ साली जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने उभं राहिलं, त्यामागेही हीच परंपरा आहे. फक्त कलांसाठी काम करणारी संस्था म्हणून बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं नाव आधी घ्यावं लागेल. ती १९९३ साली स्थापन झाली आणि १९९५ पासून देशभर अनुदान देते आहे: संशोधनाला, नव्या कलाप्रयोगांना, शाळांमधल्या कलाशिक्षणाला, संग्रहालयं आणि दप्तरखान्यांवर आधारलेल्या कामाला. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन तरुण कलावंतांना शिष्यवृत्ती देतं. यांच्या जोडीला कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, म्हणजे सीएसआर, असतो.

सरकारचं अनुदान हा वेगळा विषय आहे. केंद्राचं सांस्कृतिक मंत्रालय, संगीत नाटक अकादमी, राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय, गोव्याचं कला आणि संस्कृती संचालनालय यांच्या योजना आहेत आणि त्या जरूर पाहाव्यात. तिथे ठरलेला नमुना, ठरलेली रक्कम आणि ठरलेली पात्रता असते. स्वयंसेवी संस्थेचं अनुदान त्यापेक्षा लवचीक असतं, कारण तुमचं काम कोणत्याही रकान्यात बसत नसलं तरी समोरासमोर बसून ते समजावून सांगता येतं.

कला लोकांना हवी असेल तर ती तिकिटावर चालेल. अनुदान कशाला?

काही कला चालतात, आणि ते अभिमानाने सांगावं. झाडीपट्टीची रंगभूमी बघा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात धानाची कापणी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा या एका गावात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. माणसं तिकीट काढून रात्रभर नाटक बघतात. तिथे कुणी अनुदानाची वाट पाहत थांबलेलं नाही. दशावताराला जत्रेचा आधार आहे, गावकरी आणि देवस्थान मिळून नाटक ठेवतात. तमाशाचे फड गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या टाकतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या तिथे ठरतात. ही त्यांची बाजारपेठ आहे.

आता दुसरी बाजू. जात्यावरच्या ओव्यांना तिकीट कोण काढणार? त्या बायकांनी पहाटे दळताना स्वतःसाठी आणि सोबतच्या बाईसाठी म्हटल्या. पिठाची गिरणी आली आणि गाण्याचं निमित्तच गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज तो संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासह वाचता-ऐकता येतो. असं काम वर्षानुवर्षं चालतं आणि त्यातून एक रुपयाचंही उत्पन्न होत नाही. त्याला कुणीतरी पैसे द्यावेच लागतात.

जिथे तिकीटबारी आहे तिथेही तिचे पैसे प्रयोगापुरतेच असतात. फडाचा मालक हंगामाआधी उचल घेतो, हंगामात फेडतो. नव्या वगाच्या तालमीला, तरुण ढोलकीवाल्याला तयार करायला, जुन्या शाहिराच्या तोंडून वगाची संहिता उतरवून घ्यायला त्यात जागा नसते. अनुदान मागावं ते या कामांसाठी, असं माझं ठाम मत आहे. एका रात्रीच्या महोत्सवासाठी पाच लाख मागणारे प्रस्ताव खूप येतात. मंडप, ध्वनिव्यवस्था आणि जेवणावळीत ते संपतात आणि दुसऱ्या दिवशी कलावंत होता तिथेच असतो.

अशा पैशांनी खरोखर काही उभं राहिल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत. मराठी रंगभूमीच्या संदर्भात सांगायचं तर पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने १९८५ ते १९९४ या काळात अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दोन योजना चालवल्या. एक नाटककारांच्या विकासासाठी, दुसरी प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासासाठी. कल्पना आणि अंमलबजावणी नाटककार सतीश आळेकर यांची. पैसा एखाद्या भव्य प्रयोगाच्या नेपथ्यावर न घालता लिहिणाऱ्या माणसांवर आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांवर घातला गेला, ही यातली खरी दूरदृष्टी.

वास्तूंच्या बाबतीत मुंबईचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहा. भायखळ्याची ही जुनी इमारत आणि आतला संग्रह दुरवस्थेत होता. २००३ साली मुंबई महानगरपालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जतनाच्या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ साली संग्रहालय लोकांसाठी पुन्हा उघडलं. मालकी महापालिकेची, तांत्रिक जाण इन्टॅकची, पैसा फाउंडेशनचा. कुणा एकाला हे जमलं नसतं.

आणि फार मोठी मुदत लागणारं उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवण्याचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि इतर अनेकांनी त्याला आधार दिला. ज्यांनी सुरुवातीला पैसे दिले त्यांतल्या बहुतेकांना शेवट पाहायला मिळाला नाही, तरी त्यांनी दिले. आजच्या एक-दोन वर्षांच्या प्रकल्पांच्या जमान्यात हे देणाऱ्यांनीही आठवावं.

पण ही सगळी मोठ्या शहरांतली, मोठ्या संस्थांची उदाहरणं झाली. लहान गावाचं काय?

कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला तिथे आहे. पूर्वी तिला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळांत चित्रकथा सांगण्याचा मान होता. संस्थान गेलं आणि आश्रय आटला. गंगावणे कुटुंबाने आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ नावाने विश्वस्त संस्था उभी केली आणि येणाऱ्याला ते खेळ करून दाखवतात, शिकवतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. इथे आधी माणसं आणि त्यांची चिकाटी होती, बाकीचं मागून आलं. अनुदान देणारा नेमकं हेच शोधत असतो: आपण पैसे दिले नाहीत तरी ही माणसं हे करत राहतील का?

आमचं मंडळ नोंदणीकृत नाही. आम्हाला काहीच मिळणार नाही का?

मिळू शकतं. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्था व्यक्तींनाही अनुदान देतात, म्हणजे मंडळातली एक व्यक्ती स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. दुसरा मार्ग म्हणजे ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घेऊन तिच्यामार्फत अर्ज करणं. त्यात पैसे त्या संस्थेच्या खात्यावर येतात. कोण काय करणार, किती खर्च कुणाच्या सहीने होणार हे आधीच कागदावर लिहून घ्या. नातं कितीही जुनं असलं तरी लिहून घ्या.

पुढेमागे नियमित काम करायचं असेल तर नोंदणी करावीच. महाराष्ट्रात दोन रस्ते रूढ आहेत: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांची संस्था, किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास. दोन्हींसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी चढावी लागते. तिसरा प्रकार कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. लहान मंडळाला तो सहसा महाग आणि कटकटीचा पडतो.

गणेशोत्सव मंडळांसाठी एक सूचना. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडून दरवर्षी जी तात्पुरती परवानगी घेता, ती नोंदणी नव्हे. अर्जात ‘नोंदणी क्रमांक’ म्हणून तो क्रमांक लिहू नका.

‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ म्हणजे काय?

पहिल्यामुळे तुमच्या संस्थेच्या उत्पन्नावर करसवलत मिळते, दुसऱ्यामुळे तुम्हाला देणगी देणाऱ्याला. दोन्ही नोंदण्या आयकर विभागाकडे होतात आणि मुदतीच्या असतात, नूतनीकरण चुकवू नका. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी सनदी लेखापाल आणि देणारे अजून याच नावांनी बोलतात. देणगीदाराला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत नाही, आणि त्याने नवी करप्रणाली निवडली असेल तर त्याला या सवलतीचा उपयोग नाही.

कंपनीचा सीएसआर निधी नाटकाला किंवा लोककलेला मिळतो का?

कायद्याने मिळू शकतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. कशावर, याची यादी सातव्या परिशिष्टात आहे. राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन, ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी, सार्वजनिक ग्रंथालयं, पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास हे सगळं त्यात आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याला भेटताना त्या यादीची छापील प्रत सोबत ठेवा. शाळा आणि आरोग्य याच कामांची सवय असलेल्या अधिकाऱ्याला कधीकधी हे कलम दाखवावं लागतं.

अडचणी कुठे येतात? तुमच्या संस्थेकडे आयकराच्या त्या दोन्ही नोंदण्या, कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्वानुभव आणि सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक लागतो. शिवाय एखादा महोत्सव, एखादा पुरस्कार सोहळा असा सुटा कार्यक्रम यात बसत नाही, आणि ज्यातून कंपनीच्या मालाची जाहिरात होईल असं प्रायोजकत्व तर नाहीच. वर्षभर चालणारा शिकवणीचा, जतनाचा किंवा दस्तऐवजीकरणाचा प्रकल्प घेऊन जा.

अमेरिकेतल्या, दुबईतल्या आमच्या गावकऱ्यांनी पैसे पाठवले तर चालतात का?

पाठवणाऱ्याचं नागरिकत्व काय, यावर उत्तर अवलंबून आहे. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा गाववाला स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. न्यू जर्सीतला भाचा अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर तो मराठी असला, त्याच्याकडे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं, तरी त्याचे पैसे परकीय देणगीच. तिथल्या महाराष्ट्र मंडळाने संस्था म्हणून पाठवलेले पैसेही तसेच.

परकीय देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावरच येतात. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणून वर सांगितलेला ‘ओळखीच्या संस्थेमार्फत’ हा रस्ता परकीय पैशाला लागू नाही. इथे चूक झाली तर प्रकरण गंभीर होतं. जाणत्या सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका.

अर्ज इंग्रजीतच करावा लागतो का?

सगळीकडे नाही. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारतं. कंपन्यांकडे मात्र बहुधा इंग्रजीच चालतं. तरीही आधी मराठीत लिहा, असं मी प्रत्येकाला सांगते. गोंधळ्याने, शाहिराने, बाहुलीवाल्याने आपल्या शब्दांत सांगितलेलं काम ठसठशीत असतं. इंग्रजीत विचार करायला बसलं की ‘सक्षमीकरण’, ‘शाश्वत विकास’ असल्या गुळगुळीत शब्दांची भाषांतरं उतरतात आणि संबळाचा आवाज कुठेच ऐकू येत नाही. मराठी मसुदा पक्का झाला की गावातल्या शिक्षकाकडून किंवा महाविद्यालयातल्या मुलीकडून इंग्रजी करून घ्या.

प्रस्तावात काय लिहायचं?

समजा, तुम्हाला आठ मुलांना संबळ आणि गोंधळाची गाणी शिकवायची आहेत. पहिल्या पानावर शिकवणारा कोण, त्याचं वय काय, त्याला किती कथा आणि पदं येतात, त्याच्यानंतर ती कुणाला येतात हे लिहा. मुलं कोण, ती आठवड्यातून किती वेळा आणि कुठे जमतील, दहावीची परीक्षा आणि कापणीचे दिवस कसे सांभाळाल ते लिहा. सहा महिन्यांनी मुलांना काय यायला हवं आणि दीड वर्षाने काय, हेही लिहा. ‘आपल्या थोर संस्कृतीचा ऱ्हास होत आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. वाचणाऱ्याने ते शेकडो वेळा वाचलेलं असतं.

गावाचा वाटा काय, हे जरूर सांगा. देवळाचा सभामंडप फुकट मिळतोय, ग्रामपंचायत वीजबिल भरतेय, पालक मुलांच्या नाश्त्याचं पाहतायत, हे सगळं पैशांत मोजून लिहा. हा वाटा दिसला की देणाऱ्याचा विश्वास बसतो, कारण गावाला हे हवं आहे याचा त्याहून चांगला पुरावा नसतो.

अंदाजपत्रकात कलावंतांचं मानधन दाखवलं तर अर्ज नाकारतील का?

नाकारत असतील तर तिथे अर्ज करू नका. हे जरा कडक वाटेल, पण या पानावरची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. माईकवाल्याला पैसे, मंडपवाल्याला पैसे, छायाचित्रकाराला पैसे, आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं त्या शाहिराला शाल, श्रीफळ आणि येण्याजाण्याचं भाडं: हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. वर त्याला ‘कलेची सेवा’ म्हणतात. सेवा करणाऱ्यालाही घरी तेल-मीठ लागतं.

शिकवणाऱ्याचं मासिक मानधन पहिल्या ओळीत लिहा. तालमींचे पैसे लिहा, फक्त प्रयोगाची बिदागी नको. वाद्यांची दुरुस्ती, संबळावर चढवायचं कातडं, प्रवास, ध्वनिमुद्रण आणि हिशेब ठेवणाऱ्याचा मोबदला हे सगळं प्रामाणिकपणे मांडा. फुगवू नका आणि लाजून कमीही लिहू नका. कमी लिहिलं की काम अर्ध्यावर थांबतं.

पैसे देणारा सांगेल तशी कला बदलावी लागते का?

दबाव येतो. पाऊण तासाचं आख्यान दहा मिनिटांत बसवा, शिव्या आणि चावट कोट्या काढा, सगळ्यांना एका रंगाचे फेटे घाला असं सांगितलं जातं. व्यासपीठावरच्या प्रयोगासाठी थोडी काटछाट कलावंताला मान्य असेल तर हरकत नाही, तो निर्णय त्याचा. पण शिकवण्यात आणि नोंदींत काटछाट नको. मूळ रूप पूर्ण शिकवलं जाईल आणि पूर्ण मुद्रित होईल असं करारात लिहून घ्या.

मुद्रणाचे हक्क कुणाकडे राहतील तेही करार सही करण्यापूर्वी विचारा. गाणाऱ्याची परवानगी, त्याचं नाव आणि मुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी, एवढं तरी हवंच.

अहवाल आणि हिशेब कसा द्यायचा?

पैसे बहुधा हप्त्यांत येतात आणि आधीच्या हप्त्याचा हिशेब दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. शक्य असेल तर त्या कामापुरतं वेगळं बँक खाते ठेवा. प्रत्येक खर्चाची पावती किंवा सही केलेलं व्हाउचर हवं. कातडं विकणारा पावती देत नसेल तर व्हाउचरवर त्याचं नाव, तारीख, रक्कम आणि सही घ्या. वर्षाअखेरी लेखापरीक्षण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला.

कामाच्या अहवालात काय जमलं नाही तेही लिहा. आठातली तीन मुलं सोडून गेली तर का गेली ते सांगा. मुलं ऊसतोडीला आईबापांबरोबर गेली असतील तर पुढच्या वर्षी वर्ग पावसाळ्यात घ्यावा लागेल, हे शहरातल्या कार्यालयात बसलेल्या माणसाला तुमच्या अहवालातूनच कळणार.

अनुदानाची मुदत संपल्यावर काय?

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा. शिकलेल्या मुलांनी जागरण-गोंधळाच्या कार्यक्रमांना जायला सुरुवात केली तर त्यांची बिदागी सुरू होते. संग्रहालय असेल तर प्रवेशशुल्क, शाळांच्या सहली, कार्यशाळा यांतून रोजचा खर्च थोडाफार निघतो. काही कामं मात्र कधीच स्वतःच्या पायावर उभी राहणार नाहीत. हस्तलिखितांचं जतन, ध्वनिमुद्रणांचा संग्रह ही तशी कामं. तिथे खोटी आशा न दाखवता सरळ लिहावं की याला कायमचा निधी लागेल, आणि गावातल्या, गावाबाहेरच्या माणसांकडून थोडा-थोडा कायमस्वरूपी निधी जमवायला पहिल्या वर्षापासून लागावं.

आमचा अर्ज नाकारला गेला. पुन्हा करावा का?

हो. आधी कारण विचारा. काही संस्था दोन ओळींत का होईना सांगतात. विषय त्यांच्या क्षेत्रात बसत नसेल तर दुसरीकडे जा. मुद्दे अस्पष्ट असतील तर शिकवणाऱ्या बुवांना शेजारी बसवून पुन्हा लिहा. दरम्यान मोबाइलवर त्यांची चार पदं मुद्रित करून ठेवा, पुढच्या अर्जाला ती जोडता येतील. आणि बुवांचं वय झालं असेल तर वर्ग उद्यापासून सुरू करा, दोन मुलांवर का होईना.